प्ररोचना ते ट्रेलर : अद्भुतातल्या अश्रूंविषयी

२०२४ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. रसविचाराचा तास संपवून आम्ही वर्गाबाहेर पडलो, तेव्हा व्हरांड्याच्या कठड्याशी चार विद्यार्थी एकाच मोबाइलवर माना घालून उभे होते. आम्हांला पाहून ते दचकले नाहीत, इतके ते गुंग होते. त्यांच्यात वाद चालला होता. एकाचे म्हणणे, ती या खेपेला वाचणार. दुसरा म्हणत होता, वाचणार नाही. वाचणार असती तर तो प्रसंग ट्रेलरमधून असा मुद्दाम कापला नसता. तिसरा म्हणाला, "वाचली तर मला आवडेल, पण मग गोष्टीत राहिलं काय?" आम्ही क्षणभर थांबलो. नुकताच आम्ही वर्गात करुण रसाचा स्थायी भाव शोक असल्याचे सांगून आलो होतो, आणि वर्गातल्या कोणाच्याही चेहऱ्यावर काही हलले नव्हते.

ती म्हणजे एरिथ. 'फायनल फँटसी ७' या जपानी व्हिडिओ गेममधली फुले विकणारी मुलगी. मूळ खेळ १९९७ चा. त्याच्या नव्या रूपाचा दुसरा भाग २९ फेब्रुवारी २०२४ रोजी यायचा होता आणि त्याची ट्रेलर्स पाहून जगभर हाच वाद चालला होता. श्रीरामपुरातही तो चालावा याचे आम्हांला नवल वाटले. खरे तर नवल वाटायला नको होते, कारण त्याआधी काही वर्षे याच विषयावर लघुप्रबंध करू म्हणणाऱ्या एका विद्यार्थ्याला आम्ही परत पाठवले होते. 'हा साहित्याचा विषय नाही,' असे आम्ही त्याला सांगितले. त्याने मग ग्रामीण कादंबरीवर साठ पाने लिहिली. ती निर्जीव होती हे आम्हांलाही दिसत होते. आम्ही त्याला उत्तीर्ण केले. हा निबंध लिहिताना ती साठ पाने आमच्या मनातून जात नाहीत.

ज्या वाचकांचा या खेळांशी कधी संबंध आला नाही (आमचाही फारसा नव्हता) त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. रोल-प्लेइंग गेम म्हणजे भूमिका घेऊन खेळायचा खेळ. खेळणारा एका पात्राच्या किंवा पात्रांच्या चमूच्या वतीने चालतो, बोलतो, लढतो, शस्त्रे आणि शक्ती जमवतो. कथा चाळीस-पन्नास तास चालते, कधी शंभरही. जग बहुधा अद्भुताचे असते : राक्षस, मंत्र, मरू घातलेली पृथ्वी. १९९७ च्या त्या खेळात एरिथ ही खेळणाऱ्याच्या चमूतली एक. तिला शक्ती मिळवून देण्यात त्याने स्वतःचे कितीतरी तास घातलेले असतात. तीन सीडींपैकी पहिली संपता संपता खलनायक तिला मारतो. खेळणाऱ्याच्या हातात यंत्र असते, पण त्या क्षणी त्याला काही करता येत नाही. त्यानंतर कित्येक वर्षे तिला पुन्हा जिवंत करण्याच्या गुप्त युक्तीच्या अफवा खेळणाऱ्यांत फिरत होत्या. तशी युक्ती नव्हतीच. शोकातल्या माणसाने कोणत्याही वैद्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवावा, तशातला तो प्रकार.

आता ट्रेलर. आमच्या श्रीरामपुरात ट्रेलर म्हटले की गळिताच्या हंगामात ट्रॅक्टरमागे डुलत जाणारी, उसाने लादलेली जोडी आठवते. शब्दाचा मूळ अर्थही तोच, मागून येणारे. सिनेमाची ही जाहिरात आरंभीच्या काळात मुख्य चित्रपट संपल्यावर दाखवीत, म्हणून तिला हे नाव पडले. पुढे ती आधी आली, नाव मात्र मागचेच राहिले. आपल्याकडे या वस्तूला अधिक नेमके नाव फार पूर्वीपासून आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात पूर्वरंगाच्या अंगांमध्ये 'प्ररोचना' येते. प्रयोगाआधी प्रेक्षकांची रुची जागवायची, आता काय घडणार आहे त्याची चाहूल द्यायची आणि त्यासाठी त्यांचे चित्त तयार करायचे, हे तिचे काम. संस्कृत नाटकांचा सूत्रधार प्रस्तावनेत नाटककाराचे नाव घेतो, कृतीची थोरवी सांगतो, जमलेली सभा रसिकांची आहे असे म्हणून सभेलाही थोडे फुगवतो. परीक्षेत पाच गुणांच्या टिपेसाठी आम्ही हे वर्षानुवर्षे शिकवतो. विद्यार्थी ते पाठ करतात आणि विसरतात.

प्ररोचनेचे मराठीतले सर्वांत सुंदर उदाहरण आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर घडले. नेवाशाला, शके १२१२ मध्ये म्हणजे इ.स. १२९० च्या सुमारास ज्ञानेश्वरीची रचना झाली. तिच्या अकराव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांना थेट सांगतात की या अध्यायात दोन रस एकत्र येणार आहेत, शांत आणि अद्भुत. आणि त्यांच्या निमित्ताने इतर रसांनाही पंगतीत मान मिळणार आहे. पुढे येणार आहे विश्वरूपदर्शन, म्हणजे भारतीय वाङ्मयातल्या अद्भुताची परिसीमा : हजारो मुखे, हजारो बाहू, तोंडात चिरडले जाणारे योद्धे. श्रोत्यांना ही कथा ठाऊक आहे. काय घडणार हे रहस्य नाहीच. ज्ञानदेव कथानकाची बातमी देत नाहीत. ते श्रोत्याला कोणत्या भावावस्थेत शिरायचे आहे ते सांगून ठेवतात.

आणि मग त्या अध्यायात आपल्याला गहिवर नेमका कुठे येतो? आमच्या मते विश्वरूपाच्या वर्णनात नाही. तिथे आपण दिपतो, घाबरतो. गहिवर येतो तो अर्जुन माफी मागतो तेव्हा. तू कोण आहेस हे न ओळखता तुला मी सखा म्हणून हाक मारली. खेळताना, निजताना, बसताना, जेवताना तुझी थट्टा केली. ते सारे सहन कर. आणि आता ते नेहमीचे, ओळखीचे रूप घेऊन ये. एवढ्या विराट देखाव्याच्या मध्यभागी एका मित्राला आपल्या मैत्रीची लाज वाटते आणि तीच मैत्री त्याला परत हवी असते. अद्भुतातले अश्रू असे घरगुती जागेतून येतात. ही गोष्ट नेवाशात ज्यांनी ओळखली, त्यांच्या परिसरात शिकवणाऱ्या आम्हांला ती मोबाइलच्या पडद्यावर ओळखता आली नाही.

का आली नाही, याला इतिहास आहे. मराठी कादंबरीच्या आरंभकाळात अद्भुताचाच जोर होता. १८६१ ची लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला', नंतर नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. राजकन्या, विरह, कारस्थाने, योगायोग. १८७२ साली काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' लिहिला आणि मराठी समीक्षेने या वाङ्मयाकडे चिकित्सक नजरेने पाहायला सुरुवात केली. १९०२ मध्ये राजवाडे 'कादंबरी' या निबंधात अद्भुत आणि वास्तव यांचा झगडा मांडतात. तोवर हरिभाऊ आपटे आलेले होते. १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः वाचणारा वाचक तयार झाला होता. वास्तवाची बाजू जिंकली आणि ती जिंकायलाच हवी होती. यमूचे दुःख त्याशिवाय मराठीत आले नसते. पण विजयाची एक किंमत असते. अद्भुत हे पोरवयाचे, करमणुकीचे, अभिरुचीच्या खालच्या पायरीवरचे, हा ग्रह अभ्यासक्रमांत मुरला. नाथमाधवांची 'वीरधवल' पिढ्यान्पिढ्या वाचली गेली, पण तिच्यावर आमच्या विद्यार्थिदशेत कोणी गंभीर प्रश्न विचारला नाही. त्या विद्यार्थ्याला आम्ही जे उत्तर दिले, ते आमचे नव्हतेच. दीडशे वर्षांपूर्वीचे उत्तर आमच्या तोंडून निघाले.

मात्र ट्रेलर म्हणून जे जे समोर येते ते सारे प्ररोचनेच्या पंगतीला बसवावे, असे आम्ही म्हणणार नाही. बरीचशी ट्रेलर्स केवळ वजनमापे सांगतात. जग किती चौरस किलोमीटरचे, केस किती खरे हलतात, चित्र किती सूक्ष्म. यालाही आपल्याकडे पूर्वज आहे. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी दादासाहेब फाळक्यांनी सत्तावन्न हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ अवघ्या तीन आण्यांत, अशी जाहिरात केल्याचे प्रसिद्ध आहे. हरिश्चंद्राच्या दुःखाचा तीत उल्लेख नाही. चित्रपट मैलांनी मोजून विकला. फाळके व्यवहारी होते. नाटकाचा खेळ पाच-सहा तास चालायचा आणि त्यापुढे हा नवा खेळ तोकडा पडत होता, तेव्हा लांबी मोजून दाखवणे भाग होते. पण १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या आणि पडद्यावर राम येताच लोक हात जोडू लागले, तेव्हा मैलांची गरज उरली नाही.

पुढे तंबूतल्या सिनेमाने हा धंदा गावोगाव नेला. महाराष्ट्रातल्या जत्रांमधून फिरणाऱ्या या टूरिंग टॉकीजवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. आमच्या लहानपणी जत्रेच्या दिवसांत दुपारी भोंगा लावलेली गाडी गल्लीतून फिरे. तंबूतल्या सिनेमाची असो वा तमाशाच्या वगाची, तिच्यावरच्या माणसाची भाषा एकच. 'हृदयद्रावक' हा शब्द आम्ही शाळेत शिकण्याआधी त्या भोंग्यातून ऐकला. तो माणूस शेवट लपवत नसे. भावाने बहिणीसाठी काय सोसले, आईला मुलाने कसे ओळखले नाही, हे तो सांगून टाकी आणि तरीही, किंवा त्यामुळेच, रात्री बायका पदराला रुमाल बांधून निघत. मराठीने या साऱ्यांना एकच शब्द दिला आहे, खेळ. नाटकाचा खेळ, तमाशाचा खेळ, सिनेमाचा 'दररोज दोन खेळ'. व्हिडिओ गेमला हा शब्द द्यायला आपण कचरतो ही गंमतच आहे.

आता मूळ वादाकडे वळू : आधी कळले तर भाव उणावतो का? गेमच्या चाहत्यांत शेवट फोडणाऱ्याला क्षमा नाही. पण व्हरांड्यातल्या त्या चौघांना १९९७ चा शेवट पूर्ण ठाऊक होता. त्यांच्या जन्माआधी ती मेली होती. ट्रेलरमधल्या प्रत्येक चित्राकडे ते पाहत होते ते तिच्या मरणाची जागा ओळखत, जवळ येत असलेले काही आपल्याला टाळता येईल का ते शोधत. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'चा पहिला अंक आठवावा. परशुरामतात्या गोडबोल्यांनी एकोणिसाव्या शतकातच ते नाटक मराठीत आणले. त्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच आयुष्याची चित्रे पाहत असतात. शूर्पणखेच्या चित्रापाशी सीता घाबरते आणि हे केवळ चित्र आहे असे रामाला सांगावे लागते. घडून गेलेले दुःख चित्रात पाहून ते पुन्हा रडतात. आणि प्रेक्षक दुहेरी रडतो, कारण त्याला पुढचा त्यागही ठाऊक आहे. १९१९ साली गंधर्व मंडळीने 'एकच प्याला' रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू पुन्हा पुन्हा पाहायला जाणाऱ्या प्रेक्षकाला ती वाचणार नाही हे दुसऱ्या खेपेपासून माहीतच होते. उत्सुकता आणि करुण या दोन वेगळ्या भुका आहेत. पहिली एकदाच भागते.

शोकांत पाहून आनंद का होतो, या प्रश्नावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले. १९२१ मध्ये बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक पात्राशी तद्रूप होतो, पण स्वतःला विसरत नाही; दोन भूमिकांवर तो एकाच वेळी उभा असतो आणि आनंद या दुहेरीपणाचा. पुढे वाटव्यांच्या 'रसविमर्शा'पर्यंत या चर्चेला अनेक फाटे फुटले. केळकरांची कल्पना कादंबरीच्या वाचकाला पुरी लागू पडते का, याविषयी आमच्यात मतभेद आहेत. भूमिका घेऊन खेळणाऱ्याला मात्र ती जणू त्याच्यासाठीच शिवल्यासारखी बसते. 'मी मेलो', 'माझ्या हातून ती गेली' असे तो प्रथमपुरुषात बोलतो आणि बोलताना हातातली बटणे दाबत असतो.

इथे आमच्यापैकी एकाचा आक्षेप नोंदवायला हवा. त्यांचे म्हणणे असे की रसास्वादाला अंतर लागते. भट्टनायकाने साधारणीकरण सांगितले ते याचसाठी. शोक 'माझा' राहिला तर तो रस नव्हे, नुसते दुःख. खेळणारा जर म्हणत असेल की माझ्यामुळे ती मेली, तर तो आस्वाद घेत नसून पश्चात्ताप करीत आहे. आक्षेप वजनदार आहे. त्याला उत्तर म्हणून उरलेल्यांनी 'द विचर ३' या २०१५ च्या पोलिश खेळाचे उदाहरण पुढे केले. तो आंद्रे सापकोव्स्की यांच्या कथांवर आधारलेला आहे. त्यात गेराल्ट नावाचा राक्षसांची शिकार करणारा प्रौढ पुरुष मानलेल्या मुलीला, सिरीला, शोधत फिरतो. तिच्या कथेचा शेवट कसा होणार हे मोठ्या लढाईवर ठरत नाही. मधे कुठेतरी ती खचलेली असताना आपण तिला दारू पाजून सारे विसरायला सांगितले, की बाहेर नेऊन तिच्याशी बर्फाच्या गोळ्यांनी खेळलो, अशा लहान लहान वागण्यांवर तो ठरतो. त्या वेळी कोणी सांगत नाही की ही परीक्षा आहे. शेवटी ती परत आली नाही, तर खेळणाऱ्याला मागे वळून आठवावे लागते की आपण तिला कुठे एकटी सोडली. हा पश्चात्ताप आहे हे खरे. पण तो एका रचलेल्या कथेतला, लेखकाने जपून पेरलेला आहे. गेराल्टची चूक आपली होते आणि आपली असूनही गेराल्टचीच राहते. आक्षेप घेणारे आमचे सहकारी यावर इतकेच म्हणाले की दुष्यंतालाही अंगठी पाहून असेच आठवले होते, आणि तो रंगमंचावर होता, प्रेक्षागृहात नव्हता. वाद तिथेच थांबला आहे. तो मिटलेला नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये फ्रान्सच्या मॉन्पेलिए शहरातल्या एका लहान संस्थेचा 'क्लेर ऑब्स्क्यूर : एक्सपिडिशन ३३' हा खेळ आला. त्याची कल्पना ट्रेलरमध्येच सांगून टाकली होती : एक चित्रकर्ती दरवर्षी शिळेवर एक आकडा रंगवते, दरवर्षी तो एकाने उतरतो, आणि त्या वयाची माणसे पाकळ्यांसारखी उडून नाहीशी होतात. आरंभीच धक्क्यावर एक पुरुष आपल्या पूर्वीच्या प्रेयसीचा हात धरून उभा असतो आणि आकडा बदलतो. एवढ्या भव्य कल्पनेतही लक्षात राहतो तो हातच. आमच्या एका विद्यार्थिनीने यावर केलेले भाष्य आम्हांला पुस्तकी भाषेत कधी जमले नसते. ती म्हणाली, "सर, आमच्या आजीच्या वेळी डॉक्टरांनी महिना सांगितला होता. तसंच आहे ते."

हे विद्यार्थी खेळतात कशावर, असा प्रश्न वाचकाला पडला असेल. बहुतेक खेळतच नाहीत. असे खेळ चालवणारा संगणक वा कन्सोल आमच्याकडच्या शेतकरी, छोट्या दुकानदाराच्या घरात नसतो. २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि ही मुले दुसऱ्या कोणाचा तरी खेळ यूट्यूबवर तासन्‌तास पाहू लागली. म्हणजे ती खेळाडू नाहीत, श्रोते आहेत. ट्रेलर हीच त्यांच्यापैकी अनेकांची मूळ संहिता. पात्रांविषयी ती मराठीत वाद घालतात, ज्या भाषेत ती पात्रे कधी बोललेली नाहीत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ काढला, असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधणाऱ्या बहिणीची कथा. तो भूमिका घेऊन खेळायचा खेळ म्हणता येणार नाही, मारामारीचा अधिक. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा प्रयत्न फसूनही तो पुरा झाला आणि परदेशी पुरस्कारांच्या नामांकनापर्यंत गेला. कथेचे मधले भाग त्यात छायाबाहुल्यांच्या रूपाने येतात, त्यामुळे सूत्रधाराची आठवण होते. पण पुण्यात घडूनही त्यातली राजी मूळ आवृत्तीत इंग्रजीत बोलते. बाजाराची गणिते आम्हांला कळतात. तरी भाऊ-बहिणीच्या गोष्टीला ओवीची भाषा ज्या प्रांतात आहे, तिथे हे थोडे लागते.

हे लिहायला घेतल्यावर आम्ही कपाट उघडून त्या विद्यार्थ्याचा जुना अर्ज शोधला. दीड पानाचा आराखडा होता, आमच्या लाल शाईतल्या एका ओळीसह. त्यात त्याने लिहिले होते की एरिथ गेल्यानंतर खेळ पुढे चालतो, पण चमूच्या यादीत तिची जागा रिकामी दिसते, आणि आपण तिच्यासाठी जमवलेल्या वस्तू पिशवीत तशाच राहतात. त्या कोणाच्याच उपयोगाच्या नसतात. करुण रस तिथे आहे, मरणाच्या प्रसंगात नाही. भवभूतीची पंचवटी शिकवताना आम्हांला हे वाक्य किती उपयोगी पडले असते, ते आता कळते.

आम्ही त्याला फोन केला. तो पुण्याकडे एका कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतो. आराखडा पुन्हा वाचल्याचे सांगितले, तेव्हा तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "सर, तुम्ही तो खेळलात का?" आम्ही नाही म्हणालो. दिवाळीत तो बेलापूरला येणार आहे. तेव्हा जुना १९९७ चा खेळ आमच्यापैकी एकाच्या मुलाच्या लॅपटॉपवर चढवून देतो म्हणाला. नवा त्यावर चालणार नाही.